भिंतीवरच्या तसबिरी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघणार आणि तीत प्रत्येकीने चार ओळी लिहाव्यात, असे चिटणीसबाईंनी सांगितले. पाककृती, विणकाम, बाळाची निगा हे विषय भराभर वाटून झाले. राहिला इतिहास. तो माझ्या वाट्याला आला. मी सातवी शिकलेली बाई. लढाया आणि तहनामे यांवर लिहिण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्या तसबिरी आपण रोज पुसतो, सणावारी ज्यांना हार घालतो, त्यांनाही इतिहास आहे. गेली काही वर्षे वाचनालयातून पुस्तके आणून आणि वडीलधाऱ्या बायकांना विचारून मी तो थोडाथोडा गोळा केला. तोच भगिनींपुढे ठेवते.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या भागांतील जुन्या खोलीत तुम्ही शिरलात, की समोरच्या भिंतीवर छताच्या खाली, किंचित पुढे झुकलेली तसबिरींची ओळ दिसते. रामपंचायतन, लक्ष्मी, विठ्ठल-रखुमाई, शिवाजी महाराज, टिळक, गांधीजी. दुसऱ्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब. देव कोणते आणि पुढारी कोणते, हे त्या ओळीत वेगळे मांडलेले नसते. सगळ्यांना एकच हार आणि एकच उदबत्ती. हे असे का झाले? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर एवढेच, की आपल्याकडे उघडपणे जे बोलता येत नव्हते ते शंभर-सव्वाशे वर्षे चित्राच्या तोंडून बोलले गेले. आणि घराच्या भिंतीवर कोणाला जागा द्यायची, हा त्या घराचा स्वतःचा निकाल होता.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की घरोघर देवाचे रंगीत चित्र असणे ही फार जुनी चाल नव्हे. पूर्वी गरिबाच्या देव्हाऱ्यात पितळेची लहानशी मूर्ती नाही तर कुलदैवताचा टाक असे. हाताने काढलेली चित्रे ही सरदार-सावकारांच्या वाड्यातली वस्तू. सामान्यांना चित्रे पाहायला मिळत ती चित्रकथी करणारे गावात आले म्हणजे. कुडाळजवळच्या पिंगुळीची ठाकर मंडळी रामायण-महाभारताची चित्रे एकापुढे एक दाखवून गाऊन कथा सांगत. काही घराण्यांनी ती कला अजून जपली आहे. आपल्या लालबाग-परळमध्ये कोकणातली घरे पुष्कळ, त्यांच्यापैकी कोणाच्या आजीने ती पाहिली असतील. पण ती चित्रे कथेकऱ्याबरोबर येत आणि त्याच्याबरोबरच पुढच्या गावी जात. घरात राहात नसत.

चित्र घरात राहायला आले ते छापखान्यामुळे. मराठी मुलखात या कामी पहिले मोठे नाव पुण्याच्या चित्रशाळेचे. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली ती काढण्यात पुढाकार घेतला. केसरी निघाला १८८१ साली, म्हणजे चित्रशाळा त्याच्याही आधीची. पुढे लोकमान्यांचे स्नेही वासुकाका जोशी यांनी ती सांभाळली. चित्रशाळेचे रामपंचायतन घरोघर गेले. मधे राम-सीता, बाजूला भाऊ, पायाशी मारुती, ही मांडणी आपल्या डोळ्यांत इतकी बसली आहे, की राम दुसऱ्या तऱ्हेने बसत असेल असे वाटतच नाही.

परंतु लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की चित्रशाळेच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांत नाना फडणविसांचे चित्र होते. पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर बरोबर साठ वर्षांनी, इंग्रजी अंमल भर जोरात असताना, एक माणूस छापखाना काढतो आणि देवांच्या बरोबरीने नाना फडणवीस छापतो. यात बेकायदेशीर काही नाही, एकही शब्द राजद्रोहाचा नाही. पण ते चित्र विकत घेऊन भिंतीवर लावणाऱ्याला रोज येता-जाता आठवण होई, की आपलाही कारभार होता आणि तो आपल्या माणसांनी चालवला होता. शास्त्रीबुवांच्या लेखणीला जी माणसे वाचता येत नव्हते म्हणून मुकली, त्यांच्यापर्यंत हे चित्र पोहोचले.

यानंतरची गोष्ट आपल्या गिरगावची. राजा रविवर्मा हे केरळातील किळिमानूरचे. जन्म १८४८ चा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पुराणांतील प्रसंगांची चौदा मोठी चित्रे काढली. ती पाहायला लोकांच्या झुंडी लोटत. बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना पूर्वीच सुचवले होते, की तुमच्या चित्रांची मागणी एका हाताने भागणार नाही, ती छापून घ्या. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला. यंत्रे जर्मनीची आणि कारागीरही जर्मनीहून आणलेले. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे.

ही छपाई कशी होत असे ते सांगते, कारण मला स्वतःला त्याचे फार नवल वाटले. एका खास जातीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि दगड पाण्याने ओला करायचा. मग त्यावरून छपाईची शाई फिरवली, की ओल्या जागी ती धरत नाही, तेलकट रेघांवर मात्र धरते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण रोज फोडणी देताना पाहतोच. त्याचाच हा उपयोग. त्यावर कागद दाबला की चित्र उमटले. पण एका दगडावर एकच रंग. लाल साडीला एक दगड, हिरव्या पानांना दुसरा, कातडीच्या रंगाला आणखी काही. एका लक्ष्मीसाठी असे कितीतरी दगड लागत आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न हलता त्याच जागी बसावा लागे. शेवटी वरून चकाकी देत, म्हणजे ते हाताने रंगवलेल्या तैलचित्रासारखे दिसे.

रविवर्मांची लक्ष्मी कमळावर उभी आहे, तिला चार हात आहेत, मागे हत्ती आहे. पण ती साडी नेसलेली आहे, दागिने आपल्या घरातल्या बायकांसारखे आहेत आणि चेहरा एखाद्या घरंदाज बाईचा आहे. सरस्वती पांढऱ्या साडीत वीणा घेऊन बसली आहे, शेजारी मोर. शास्त्रात देवीचे वर्णन काही असो, बायकांना त्या चित्रांत आपल्यातलीच कोणी दिसली. त्यामुळेच की काय, चित्र विकत आणून बायका स्वस्थ बसत नसत. देवीच्या साडीवर खरे कापड चिकटवायचे, काठाला जर लावायची, मुकुटावर टिकल्या आणि मणी बसवायचे आणि मग काचेत घालायचे. अशा सजवलेल्या तसबिरी आता संग्रहालयांत ठेवतात आणि परदेशचे लोकही त्यांवर पुस्तके लिहितात. चित्रावर चित्रकाराचे नाव आहे, छापखान्याचे आहे. जर लावणाऱ्या बाईचे नाव मात्र कोठेच नाही. निदान आपल्या स्मरणिकेत तिची आठवण राहावी, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि छापखान्याचे दिवस फिरले. तो घाटकोपरला, तेथून लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि पुढे रविवर्मांनी तो श्लायखर नावाच्या जर्मन कारागिराला विकून टाकला. रविवर्मा १९०६ साली वारले, पण छापखाना त्यांच्याच नावाने चालत राहिला. आपल्या कोल्हापूरच्या धुरंधरांनी त्याच्यासाठी चित्रे काढली. दादासाहेब फाळके यांनी तेथे काही काळ काम केले. मग त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि तो दादरला आणला. पुढे ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहून त्यांच्या मनात आले, की आपले देव असे पडद्यावर का चालू नयेत? ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे आपला चित्रपटही एका अर्थी या तसबिरींच्याच घरात जन्मला.

आता या चित्रांनी केलेले एक मोठे काम सांगते, जे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या काळी कितीतरी देवळांची दारे आपल्यातल्याच हजारो माणसांना बंद होती. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तो कित्येक वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. अशा दिवसांत बाजारात थोड्या पैशांत राम मिळत होता, लक्ष्मी मिळत होती. कागदावरच्या देवाने कोणाची जात विचारली नाही. ज्याला पायरीवरूनही दर्शन नव्हते, त्याच्या खोलीत देव येऊन भिंतीवर बसला आणि त्याच्या हातचा हार त्याने घेतला. पुजाऱ्यांनी जे केले नाही ते छापखान्याने केले.

पण चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इतिहास लिहायचा म्हणजे गोड तेवढेच लिहून चालत नाही. त्या काळी गोरक्षणाची चळवळ जोरात होती आणि तिच्यात एक चित्र फार खपले. चौऱ्याऐंशी देवांची गाय. गाईच्या अंगावर सर्व देव बसलेले. वासरू दूध पीत आहे आणि वासराचे झाल्यावर आपल्याला मिळेल म्हणून एक बाई हातात वाटी घेऊन बसली आहे. इथपर्यंत चित्र इतके प्रेमळ, की कोणालाही आवडावे. पण गाईच्या पुढ्यात उपसलेली तलवार घेतलेला एक राक्षस आहे आणि धर्मराज त्याला विनवीत आहे. राक्षसाचे नाव कलियुग. रविवर्म्यांच्या छापखान्यानेही हे चित्र काढले होते.

काढणाऱ्यांचे म्हणणे, हा कलियुग आहे, कोणी माणूस नव्हे. मुसलमान बांधवांना वाटले, हा राक्षस म्हणून आम्हालाच दाखवले आहे. आणि पाहणाऱ्या हिंदूंतही तसेच समजणारे कमी नव्हते. चित्राला तोंड नसते, म्हणून त्याच्या तोंडी ज्याला जे हवे ते घालता येते. ऑगस्ट १८९३ मध्ये आपल्या मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, लष्कर बोलवावे लागले, पुष्कळ माणसे मेली. तो एका चित्रामुळे झाला असे मी म्हणणार नाही, कारणे अनेक होती. पण अशा वेळी भिंतीवरचे चित्र पाणी घालते की तेल, याचा विचार लावणाऱ्याने करायला हवा होता. आजही करायला हवा.

याच सुमारास देवांच्या हाती राजकारण आले. पुण्याचे भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ साली गणपती बसवला. ती मूर्ती आजही आहे. तो गणपती मोदक खात बसलेला नाही, तो राक्षसाला मारतो आहे. पाहणाऱ्याने राक्षसाच्या जागी कोणाला पाहायचे ते त्याने ठरवावे! १८९३ साली आपल्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. १९०१ साली लोकमान्य स्वतः तेथे आले होते. तेथील मंडळींनी मूर्ती लहान आणि उत्सव साधा ठेवण्याची रीत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राखली, हे विशेष.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ चे. गोष्ट महाभारतातली. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचक हात टाकतो, धर्मराज धीर धरा म्हणतो आणि भीम कीचकाला मारतो. पण प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला कळत होते, की कीचक म्हणजे कर्झनसाहेब, द्रौपदी म्हणजे आपला देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. सरकारलाही ते कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. कीचक आणि सैरंध्रीचे चित्र रविवर्म्यांनी १८९० सालीच काढले होते. ते काढताना त्यांच्या मनात राजकारण नसेलही. पण नाटक पाहून आलेल्या माणसाला ते चित्र पूर्वीसारखे दिसले असेल काय? रंगाचा एक ठिपका न बदलता चित्राचा अर्थ बदलतो, तो असा.

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि आपल्या गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसे पडली. लिहिता-वाचता न येणाऱ्या गिरणीकामगारांना टिळक माहीत होते ते भाषणांमुळे, मेळ्यांच्या पदांमुळे आणि चित्रांमुळे. १९१० साली सरकारने छापखान्यांचा नवा कायदा केला. त्यात केवळ लेखच नव्हेत, तर चित्रे आणि फोटोही जप्त करण्याची तरतूद होती. गणपतीच्या मेळ्यांवरही बंधने आली. एवढ्या मोठ्या साम्राज्याला छापील चित्राची धास्ती वाटावी, यातच त्याची ताकद दिसते.

याचा पुरावा मला आमच्याच घरात मिळाला. आमच्याकडे रामपंचायतनाची जुनी तसबीर आहे. पावसाळ्यात भिंत ओली होऊन मागच्या पुठ्ठ्याला कसर लागली, म्हणून ती फ्रेमवाल्याकडे उघडायला दिली. पुठ्ठा काढला तर रामाच्या पाठीमागे दुसरा कागद. पगडी, उपरणे आणि त्या भरघोस मिशा. लोकमान्य! सासूबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, यांच्या आजोबांनी ठेवलेले. ते गिरणीत साचेखात्यात होते. कोण कधी खोलीत येईल आणि कोणाला जाऊन सांगेल, याची धास्ती. पण टिळकांना घरातून काढायचेही नव्हते. म्हणून रामाच्या पाठीशी ठेवले.” किती वर्षे त्या घराने रामाला हार घातला आणि तो दोघांना पोहोचला! फ्रेमवाल्याने विचारले, वेगळी चौकट करू का? सासूबाई नको म्हणाल्या. जसे होते तसेच पुन्हा बसवून आणले.

स्वदेशीच्या दिवसांतले आणखी एक चित्र सांगायलाच हवे. बंगालमध्ये १९०५ साली अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतमाता काढली. देवीप्रमाणे तिला चार हात आहेत, पण अंगावर साधे भगवे वस्त्र आहे. हातांत काय? पोथी, धान्याची लोंबी, वस्त्र आणि जपमाळ. चारही हातांत मिळून एकही शस्त्र नाही. पुढे छापखान्यांनी भारतमाता सिंहावर बसवली, तिच्या हाती त्रिशूळ आणि झेंडा दिला. तीही चांगलीच. पण अन्न, वस्त्र आणि विद्या घेऊन उभी असलेली ती पहिली आई मला जास्त जवळची वाटते. घर चालवणाऱ्या बाईला तिन्हींची किंमत ठाऊक असते.

नंतर भगतसिंगांची पाळी आली. २३ मार्च १९३१ रोजी त्यांना राजगुरू आणि सुखदेव यांच्यासह फाशी झाली. त्यांतले राजगुरू तर आपल्या पुणे जिल्ह्यातील खेडचे. लगेच लाहोर, कानपूरकडच्या छापखान्यांतून चित्रे निघाली. कोणात भगतसिंग आपले शीर तबकात घालून भारतमातेला वाहात आहेत. नवस फेडणाऱ्या भक्तांची जी जुनी चित्रे असत, त्यांचीच ती मांडणी, फक्त भक्ताच्या डोक्यावर कधी साहेबी टोपी. सरकारने कितीतरी जप्त केली. आणि ३० जानेवारी १९४८ नंतर गांधीजींच्या स्वर्गारोहणाची चित्रे निघाली. नाथद्वाऱ्याच्या नरोत्तम नारायण शर्मा यांचे त्यातले एक प्रसिद्ध आहे. तुकाराम महाराज जसे विमानात बसून वैकुंठास जाताना आपल्याकडे दाखवतात, तसेच गांधीजी विमानातून निघाले आहेत. ज्याला सूट-बूटवाल्या इतिहासात जागा सापडत नाही, त्याला लोक पुराणात बसवतात आणि मग तो आपलाच होतो.

आपला लालबागचा गणपती १९३४ सालचा. पेरू चाळीचा बाजार उठला होता, कोळिणींना आणि विक्रेत्यांना बसायला जागा नव्हती. जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला आणि तो फळल्यावर गणपती बसवला. पोटाच्या प्रश्नातून उभा राहिलेला देव तो. म्हणून पहिल्या मूर्तीला कोळ्याचाच थाट होता. स्वातंत्र्याच्या सुमारास पुढाऱ्यांच्या वेषातला गणपतीही लोकांनी पाहिला. मूर्तीला नेत्याचा पोशाख घालणे आज कोणाला खटकेल. पण त्या वेळी लोकांना त्यात देवाची थट्टा दिसली नाही. देव आपल्या बाजूला उभा आहे, एवढेच दिसले.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी.आय.टी. चाळीत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले, पुढे दादरला राजगृहात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ६ डिसेंबरला ते गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्याच जागी, त्याच वेळी हजारो माणसांनी दीक्षा घेतली. त्या दिवसांत नायगाव, परळ, वरळीच्या किती खोल्यांतून तसबिरी उतरल्या, याची गणती कोणी केलेली नाही.

आपल्याच मंडळातील एका भगिनीने तिच्या आजेसासूबाईंची हकीकत मला सांगितली. त्यांच्याकडे खंडोबा, राम आणि लक्ष्मी अशा तीन तसबिरी होत्या. लक्ष्मीच्या साडीला त्यांनी स्वतः जर लावलेली होती. त्यांनी तिन्ही उतरवल्या, पदराने पुसल्या, कापडात बांधल्या आणि दादरला नेऊन समुद्रात सोडल्या. कोणी विचारले, देवावर एवढा राग का? त्या म्हणाल्या, “राग कसला? पोरासारखी जपली होती ती. पण ज्या देवळाची पायरी आम्हाला चढू दिली नाही, त्या देवळातला देव घरात ठेवून मी नातवाला काय सांगू?”

भगिनींनो, हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवते आहे. वर मी लिहिले, की कागदावरच्या देवाने जात विचारली नाही. ते खरेच आहे. पण कागदावर मिळाले ते दगडी देवळात नाकारले, हेही तितकेच खरे. भिंतीवरचे चित्र माणसाला धीर देऊ शकते, मान देऊ शकत नाही. तो माणसांनीच द्यावा लागतो. आम्ही तो वेळेवर दिला नाही, म्हणून त्या बाईला स्वतःच्या हाताने जर लावलेली लक्ष्मी पाण्यात सोडावी लागली.

त्या रिकाम्या खिळ्यांवर बुद्ध आले आणि बाबासाहेब आले. निळा कोट आणि हातात राज्यघटनेचे पुस्तक. आपल्या साऱ्या तसबिरींत हातात कायद्याचे पुस्तक घेतलेले असे चित्र दुसरे नाही. बाबासाहेबांना डोळे उघडे असलेला बुद्ध आवडे आणि त्यांनी स्वतः कुंचला धरून तसे चित्र काढले होते. जगाचे दुःख डोळे मिटून कसे दिसेल, असाच त्याचा अर्थ मी घेते.

आपल्या लहानपणी घरोघर होत्या त्या रघुवीर मुळगावकरांच्या देवांच्या तसबिरी आणि त्यांची गुळगुळीत, हसरी चित्रे. त्यांच्यावर लिहायचे तर दुसरी स्मरणिका लागेल. असो.

हा खटाटोप मी का केला तेही सांगते. गिरगावात, लालबागेत, नायगावात जुन्या चाळी पडत आहेत आणि टॉवर उठत आहेत. नव्या जागेत भिंती गुळगुळीत, त्यांना खिळा ठोकू नये असे मुले म्हणतात. मग तसबिरी जातात पिंपळाच्या पारावर किंवा भंगारात. काच एकीकडे, लाकूड दुसरीकडे आणि कागद पावसात. देव जुना झाला म्हणून विसर्जन करणे वेगळे. त्याला कारण असते, मन असते. त्या आजेसासूबाईंनी केले ते विसर्जन होते. जागा नाही म्हणून टाकून देणे याला विसर्जन म्हणता येणार नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, घर बदलण्यापूर्वी प्रत्येक तसबीर उघडून तिची मागची बाजू पाहावी. छापखान्याचे नाव, जर, टिकल्या किंवा आमच्यासारखा दुसरा कागदही निघेल. जुना कागद ओल्या फडक्याने पुसू नये, शाई सुटते. दुसरी, घरातल्या वृद्धांना विचारून ती कोणी, कधी, कशासाठी आणली ते पेन्सिलीने पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. सांगणारे माणूस गेले की तसबीर मुकी होते. तिसरी विनंती मंडळाला. पुढील वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या जोडीला सभासदांच्या आणि शेजाऱ्यांच्या तसबिरींचे एक लहानसे प्रदर्शन भरवावे. त्यात लक्ष्मी असावी, लोकमान्य असावेत, बुद्ध आणि बाबासाहेब असावेत, ज्या घरी मरियम आहे किंवा मक्केचे चित्र आहे त्यांनीही ते आणावे. नावे छापखान्यांची नकोत, आणणाऱ्या बायकांची लावावीत. खर्च विशेष नाही. सुतळी, खिळे आणि मंडळाच्या सभागृहाची एक भिंत पुरे. सुतळी आणि खिळे मी आणीन.

मंडळाला उदंड आयुष्य लाभो आणि त्याच्या भिंतीवर सर्वांना जागा मिळो, हीच वर्धापनदिनी प्रार्थना.